नगरचा अहमद निजामशहा व काळा चबुतरा

दरेकशाच्या बाजूच्या एका गावाहून आम्हांस एक पत्र आले आहे. लिहिणाराचे व गावाचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. दोन वर्षांपूर्वी तेथे एका लग्नाच्या पंगतीत पहिले पान कोणापुढे मांडावे ह्यावरून दोन घराण्यांत बोलाचाली झाली. तेव्हापासून ही माणसे एकमेकांच्या दारचे पाणी पीत नाहीत, आणि गेल्या पावसाळ्यात धानाच्या बांधीवर काठ्या निघण्यापर्यंत गोष्ट गेली. पत्रकर्ते विचारतात की, मान राखणे हा दोष आहे काय, आणि नसल्यास मान कोठवर राखावा. ह्या प्रश्नास दोन ओळींचे उत्तर आम्हांपाशी नाही. परंतु ते पत्र वाचीत असता एका जुन्या राजाचे चरित्र आमच्या मनात आले. त्याने मानाच्या पायी काही फार चांगल्या गोष्टी केल्या, आणि त्याच मानाच्या पायी एक चाल अशी पाडून ठेवली की, तिने त्याच्या मागे शंभर वर्षे घरोघर रडारड केली. ते चरित्र येथे देतो.

हा राजा अहमद निजामशहा बहिरी, अहमदनगर शहर वसविणारा. ते शहर आमच्या वाचकांस मिशनच्या कामामुळे ऐकून ठाऊक आहेच. इ.स. २०२४ साली सरकारने त्यास अहिल्यानगर असे नाव दिले. आम्ही येथे जुन्या काळाविषयी लिहीत आहो म्हणून जुनेच नाव ठेवितो. अहमदाची पुष्कळशी हकीकत फेरिस्ता नावाच्या फारसी इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. हा फेरिस्ता लहानपणी नगरात वाढला, तेथील दरबारी त्याने चाकरी केली, व पुढे इ.स. १५८९ च्या सुमारास विजापुरास गेला. म्हणजे त्याने अहमदास पाहिले नव्हते, परंतु अहमदाच्या चालीरीतींचे फळ डोळ्यांनी पाहिले होते.

अहमदाच्या बापाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. गोदावरीच्या उत्तरेस पाथरी म्हणून गाव आहे. तेथील कुळकर्णी ब्राह्मणाच्या घराण्यातला भैरव नावाच्या गृहस्थाचा एक मुलगा विजयनगरच्या मुलखात राहत असता बहामनी फौजेच्या हाती सापडला. त्यास बेदरास नेऊन मुसलमान केले व हसन हे नाव दिले. मुलगा तल्लख होता. सुलतानाने त्यास आपल्या शहाजाद्याबरोबर शिकविले, आणि तो अरबी फारसी उत्तम लिहू बोलू लागला. बापाच्या भैरव ह्या नावावरून लोक त्यास हसन भैरू म्हणत, त्याचेच पुढे बहिरी झाले असे सांगतात. बहिरी हे ससाण्याच्या जातीच्या एका शिकारी पक्ष्याचेही नाव असल्यामुळे ते दरबारी माणसास शोभूनही गेले. हा हसन वाढत वाढत निजाम-उल-मुल्क ह्या पदवीचा मोठा सरदार झाला.

त्याच्या हातून एक अधम कृत्य झाले, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या वेळी बहामनी राज्याचा वजीर महमूद गवान हा होता. तो परदेशी, विद्वान, हिशेबाचा चोख, आणि म्हणूनच पुष्कळांच्या डोळ्यांत सलणारा. दरबारात दखनी व परदेशी असे दोन तट होते, व हसन दखन्यांचा पुढारी होता. ह्या मंडळीने गवानाची मोहोर बाळगणारा गुलाम वश करून कोऱ्या कागदावर मोहोर उमटवून घेतली, आणि त्यावर ओरिसाच्या राजास स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र लिहून ते सुलतानास दाखविले. सुलतान दारूच्या धुंदीत होता. त्याने चौकशी न करिता इ.स. १४८१ च्या एप्रिलात त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. पुढे खरे उघडकीस आले तेव्हा सुलतान पस्तावला, व वर्षाच्या आत तोही मेला. हसनाने काही वर्षे राज्याचा सर्व कारभार हाती ठेविला. मग इ.स. १४८६ मध्ये बेदरास, ज्यावर त्याने विश्वास टाकिला होता त्याच सरदाराने त्यास गळा दाबून मारिले.

बाप असा मेला त्या वेळी अहमद जुन्नर प्रांती होता. बापाच्या जहागिरीचा बंदोबस्त करण्यास तो तेथे आला होता. आला तेव्हा शिवनेरीच्या किल्लेदाराने आत घेण्याचे नाकारिले. सुलतान अजून लहान आहे, तो वयात येईपर्यंत किल्ला कोणास देता येत नाही, असे त्याचे म्हणणे. अहमदाने वेढा घालून किल्ला घेतला. आत महाराष्ट्राचा पाच वर्षांचा वसूल साठलेला निघाला. तो त्याने स्वतः गिळला नाही. आपल्या सरदारांस व शिपायांस वाटून दिला. मग चावंड, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर, माहुली असे सह्याद्रीवरचे एकामागून एक किल्ले त्याच्या हाती आले. दंडाराजपुरीस वेढा पडला असता बापाच्या मरणाची बातमी त्यास पोचली. वेढा उठवून तो जुन्नरास परत आला आणि बापाची पदवी त्याने आपणाकडे घेतली.

बेदरच्या दरबारास हे खपण्यासारखे नव्हते. त्यांनी त्याजवर फौजांमागून फौजा धाडिल्या. अहमदाजवळ माणसे थोडी, पण ती ह्या डोंगरांत हिंडलेली, आणि तो रात्रीचे छापे घालण्यात पटाईत होता. एकदा तर बेदरची फौज त्याजवर चालून येत असता तो तिला चुकवून निवडक स्वारांनिशी थेट बेदरावरच गेला, पहारेकऱ्यांस फितवून रात्री दरवाजा उघडविला, आणि आपल्या घरची बायकामुले काढून मेण्यांत बसवून घेऊन निघाला. जाताना, जे सरदार त्याजवर चालून गेले होते त्यांचीही कुटुंबे त्याने बरोबर घेतली. हे ओलीस धरणेच होय, व त्यास दुसरे गोड नाव देता येणार नाही. परंतु त्या बायकांच्या अब्रूस त्याने तिळमात्र धक्का लागू दिला नाही, असे फेरिस्ता लिहितो, आणि त्या काळच्या लढायांत हे रोज घडणारे नव्हते.

शेवटी तेलंगणाचा सुभेदार जहांगीरखान मोठी फौज घेऊन आला व भिंगाराजवळ उतरला. अहमद घाटाकडे मागे हटला होता, तेव्हा शत्रू भिऊन पळाला असे समजून ही छावणी गाफील राहिली. खाणे, पिणे, गाणे चालले. तारीख २८ मे १४९० रोजी पहाटे अहमद तिजवर येऊन पडला. जहांगीरखान व दुसरे पुष्कळ सरदार मारले गेले. जे जिवंत सापडले त्यांस त्याने अंगावरचे कपडे फाडून रेड्यांवर बसविले, छावणीभर फिरविले, आणि तसेच बेदरास रवाना केले. आम्हांस ही गोष्ट आवडत नाही. ज्याने काही काळापूर्वी शत्रूच्या बायकांचा मान राखिला, त्यानेच शत्रूचा मान असा धुळीस मिळवावा! परंतु माणूस एकाच मापाचा नसतो. त्या काळी सरदारास ठार मारण्यापेक्षा त्याची फजिती करणे हा मोठा घाव समजत, आणि अहमदास तो कोठे घालावा हे ठाऊक होते. त्या विजयास लोक बागेची लढाई म्हणू लागले, कारण जेथे ती झाली तेथे त्याने पुढे बाग निजाम नावाची बाग लाविली.

आता तो स्वतंत्र राजा होण्यास मोकळा झाला. विजापूरचा युसुफ आदिलखान व वऱ्हाडचा फत्तेउल्ला इमाद-उल-मुल्क हेही बेदरचे जू झुगारण्याच्या बेतात होते, आणि तिघांची आपसांत वकिलांमार्फत बोलणी चालत. युसुफाच्या सल्ल्याने अहमदाने शुक्रवारच्या खुतब्यातून बहामनी सुलतानाचे नाव काढून आपले घातले व डोक्यावर पांढरे छत्र धरविले. छत्र हे राजाचे चिन्ह. ते पाहून त्याच्याच काही सरदारांस राग आला. काल आपल्याबरोबर घोडा दौडविणारा आज छत्राखाली चालतो, हे त्यांस सोसेना. त्यांनी उघड विरोध केला.

येथे अहमदाने जे केले ते आम्हांस त्याच्या सर्व लढायांहून अधिक शहाणपणाचे वाटते. त्याने खुतबा तूर्त बंद केला. छत्राविषयी त्याने असे सांगितले की, ऊन लागते म्हणून धरितो, दुसरा हेतू नाही. सरदार काही कच्चे नव्हते. ते म्हणाले की, उन्हासाठीच असेल तर मग ते सर्वांस धरू द्यावे. त्याने ताबडतोब होकार दिला. त्या दिवसापासून त्याच्या मुलखात ज्यास वाटेल त्याने छत्री धरावी असे झाले. राजा ओळखू यावा म्हणून त्याच्या छत्रास तांबड्या कापडाचा एक तुकडा लावीत, बाकीच्यांच्या कोऱ्या पांढऱ्या. ही रीत दक्षिणेत सर्वत्र पसरली. फेरिस्ता मोठ्या नवलाने लिहितो की, उत्तर हिंदुस्थानात छत्र राजावाचून कोणी धरीत नाही, परंतु येथे राजा व भिकारी दोघांच्याही डोक्यावर ते असते. थोड्याच दिवसांत त्याच सरदारांनी आपण होऊन अहमदास विनंती केली की, खुतबा पुन्हा आपल्या नावाने चालू करावा. छत्रासाठी जो भांडला असता तो एक दोन सरदार मारून छत्र राखिता, आणि उरलेल्यांच्या मनात कायमचा काटा ठेविता. ह्याने छत्र वाटून टाकिले आणि राज्य मिळविले.

त्याच्या वर्तनाच्या आणखी तीन गोष्टी फेरिस्त्याने दिल्या आहेत. तरुणपणी एका किल्ल्याच्या वेढ्यात जे कैदी सापडले त्यांत एक अतिशय देखणी स्त्री होती. सरदाराने ती नजराण्यादाखल अहमदाकडे पाठविली. अहमदाने तिजजवळ जाऊन तिच्या माणसांविषयी विचारिले, तेव्हा तिने सांगितले की, आपला नवरा व आईबाप ह्याच कैद्यांत आहेत. तो तेथूनच मागे फिरला. सकाळी त्याने त्या सर्वांस शोधून आणविले, तिला तिच्या नवऱ्याच्या स्वाधीन केले, आणि देणग्या देऊन सोडून दिले. दुसरी गोष्ट अशी की, शहरातून स्वारी जाताना तो डावीउजवीकडे कधीच पाहत नसे. एका खुशमस्कऱ्याने कारण विचारिले असता त्याने सांगितले की, स्वारी पाहण्यास बायका दारांत उभ्या असतात, कोणा दुसऱ्याच्या स्त्रीवर नजर जाईल अशी भीती वाटते. तिसरी गोष्ट शिपायांसंबंधी. लढाई आटोपल्यावर ज्याने त्याने आपापला पराक्रम सांगावा व बक्षीस घ्यावे असा दस्तूर. एकदा एका तरुणाने लढाईत कच खाल्ली होती आणि ते सर्वांनी पाहिले होते. अहमदाने प्रथम त्यालाच बक्षीस दिले. जवळच्यांस नवल वाटले, पण त्याने इतकेच सांगितले की, ह्याचे कारण पुढे कळेल. पुढच्या लढाईत तोच तरुण सर्वांच्या पुढे तुटून पडला. शिकारी पाखरू पहिल्या झेपेत चुकले म्हणून कोणी त्याचे पंख छाटीत नाही, असा अहमदाच्या म्हणण्याचा मथितार्थ होता.

इतका माणसे जाणणारा राजा. आणि तरी त्याच्याच हातून ती दुसरी गोष्ट घडली.

अहमदास तलवारीचा नाद फार. पट्टा फिरविण्यात व कुस्तीत त्याची बरोबरी करणारे थोडे होते. जे राजास आवडते ते दरबारास आवडते, आणि जे दरबारास आवडते ते गल्लीतल्या पोरांसही. नगरात दुसऱ्या शहरांतल्या मदरशांच्या जागी तलवारीच्या तालमी निघाल्या. ज्या वयात पोरांनी पाटी धरावी त्या वयात ती हातवारे शिकू लागली, आणि जेथे चार तरुण जमले तेथे तलवारीवाचून दुसरे बोलणे नाही. मग जे व्हायचे तेच झाले. मी तुझ्याहून सरस, तू माझ्याहून हलका, असे वाद निघू लागले, व वाद घेऊन ही पोरे राजापुढे येऊ लागली. राजाने निवाडा करावा तो कसा? त्याने दोघांस आपल्यासमोर झुंजावयास लाविले, आणि ज्याचा वार आधी लागेल तो सरस असे ठरविले. पाहण्यास मौज वाटली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन जोड्या आल्या. मग रोज दिवाणखान्यापुढे गर्दी लोटू लागली, आणि रोज दोन तीन प्रेते उचलून न्यावी लागत.

हे पाहून अहमदाचे मन विटले. परंतु त्याने काय केले? चाल बंद केली नाही. आपल्यासमोर झुंजू नये, किल्ल्याबाहेर मैदानात काळा चबुतरा आहे तेथे जाऊन झुंजावे, एवढाच हुकूम केला. आणि त्यास पुरवणी अशी जोडली की, तेथे दोघे झुंजत असता तिसऱ्याने मध्ये पडू नये, आणि जो मरेल त्याच्या नातलगांनी खुनाबद्दल दाद मागू नये. म्हणजे प्रेते राजाच्या डोळ्यांआड झाली, एवढेच. शिवाय आजवर जी पोरांची खुमखुमी होती तिला आता सरकारी जागा व सरकारी कायदा मिळाला. आम्हांस राहून राहून वाटते की, ज्याने छत्रीचा तंटा एका शब्दाने मिटविला त्यास हा मिटविणे जड नव्हते. पण छत्री त्यास फारशी प्रिय नव्हती. तलवार प्रिय होती.

ही चाल नगरात राहिली नाही. ती दक्षिणेतील सर्व मुसलमानी शहरांत पसरली. प्रथम शिपायांची होती, मग अमीर उमरावांची झाली, आणि पुढे शेख व पंडित म्हणविणारेही तिच्यात शिरले. कोणी बोलाविले असता झुंजावयास न जाणे म्हणजे नाक कापून घेणे असे झाले. फेरिस्त्याने विजापुरास स्वतः पाहिलेली एक गोष्ट लिहिली आहे. दोन सय्यद भाऊ, दोघेही पांढऱ्या दाढीचे, इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी मान असलेले. त्यांचा तिघा दखनी भावांशी रस्त्यात काही वाद झाला. तेही पोक्त वयाचे व दरबारी ओळखीचे. वादाचे कारण अगदी क्षुल्लक होते. आधी एका सय्यदाचा वीस वर्षांचा मुलगा पुढे झाला व एका दखन्याच्या हातून पडला. मुलगा पडलेला पाहून बाप व चुलता धावले, तेही पडले. त्यांची प्रेते रस्त्यातून उचलण्यापूर्वीच ते तिघे दखनी जखमांनी मेले. घटकाभरात सहा प्रतिष्ठित माणसे गेली, आणि त्यांच्यांत पूर्वीचे वैर असे काहीच नव्हते.

फेरिस्ता आणखी एक मार्मिक गोष्ट सांगतो. दखनी लोक पायउतार होऊन तलवारीने एकास एक लढण्यात बेजोड होते. परंतु ही सर्व विद्या जमिनीवरची, म्हणून भाला चालविणे, घोड्यावरून तिरंदाजी करणे, चौगान खेळणे ह्यांत ते मागे पडले, आणि खऱ्या रणांगणावर घोडेस्वारांशी गाठ पडली की त्यांचे काही चालेना. गल्लीत वाघ, मैदानात शेळी! ज्या शौर्यासाठी एवढी माणसे मेली ते राज्याच्या उपयोगीही पडले नाही.

हा वेडेपणा केवळ आपल्या देशात होता असे कोणी समजू नये. त्याच काळात युरोपातील राजदरबारांत सरदार लोक अंगभर पोलादी चिलखत घालून, लांब लाकडी भाले धरून, घोडे भरधाव सोडून समोरासमोर एकमेकांस ठोकर देत. मध्ये कठडा असे, सज्जांत राजस्त्रिया बसत, आणि कोणाचा भाला मोडला कोण घोड्यावरून पडला ह्याची मोजदाद होई. तह झाला, लग्न झाले, परराज्याचा वकील आला की, असा खेळ मांडावयाचाच. इ.स. १५५९ साली फ्रान्स व स्पेन ह्यांच्यामधील मोठा तह झाला, आणि तो पक्का करण्यासाठी फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री ह्याने आपली मुलगी स्पेनच्या राजास व बहीण सव्हॉयच्या ड्यूकास दिली. त्या आनंदात पॅरिस शहरी भाल्यांचा खेळ झाला. राजा स्वतः उतरला. दिवस सरत आला, लोकांनी पुरे म्हटले, तरी त्याने माँगमरी नावाच्या तरुण सरदारास आणखी एक फेरी करावयास लाविले. सरदाराचा भाला मोडला आणि त्याची ढलपी राजाच्या शिरस्त्राणाच्या जाळीतून डोळ्यात शिरली. दहा दिवस तळमळून राजा मेला. त्याच्या मागे लहान मुले गादीवर आली, आणि त्या राज्यात धर्माच्या नावाने तीस वर्षांहून अधिक जी कापाकापी झाली तिला बळकट धनी उरला नाही. तो माँगमरी पुढे प्रॉटेस्टंट लोकांचा सेनापती झाला व इ.स. १५७४ मध्ये त्याचे डोके मारले गेले. राजाची विधवा त्याचा तो भाला विसरली नव्हती, असे म्हणतात.

आता अहमदाच्या राजकारणाकडे वळतो. दौलताबादचा किल्ला मलिक वजीह व मलिक अशरफ ह्या दोघा भावांच्या ताब्यात होता. ह्यांचा बंदोबस्त असा की, त्या मुलखातले वाटमारे नाहीसे होऊन व्यापारी निर्धास्त जात येत. अहमदाने लढण्यापेक्षा सोयरीक बरी असे मनात आणून आपली बहीण जैनब बीबी वजीहास दिली. त्या काळी राजांच्या मुली व बहिणी तहाच्या कागदावरील मोहोरेसारख्या असत. त्यांस कोणी विचारीत नसे. जैनबेस मुलगा झाला. मुलगा झाला तसा धाकटा भाऊ अशरफ ह्याच्या मनात विष शिरले. आता किल्ला निजामशहाच्या भाच्याचा होणार, आपण कोणीच नाही, असे त्यास वाटले. त्याने आपल्या सख्ख्या भावास मारिले, आणि त्या लेकरासही मारिले. नवरा व मूल गमावून जैनब जुन्नरास भावाच्या दारी आली.

अहमद फौज घेऊन निघाला व दोन महिने किल्ल्याखाली बसला. पण दौलताबादचा तो कातळ असा तासलेला आहे की, त्यास शिडी लागत नाही व सुरुंगही बाधत नाही. परत येताना त्याने विचार केला की, जुन्नर दूर पडते. दौलताबाद व जुन्नर ह्यांच्या मध्ये ठाणे असावे. भिंगाराजवळ सीना नदीच्या काठी, जेथे बागेची लढाई जिंकिली होती तेथेच, इ.स. १४९४ साली त्याने शहराचा पाया घातला व त्यास आपले नाव दिले. दोन तीन वर्षांत ते बगदाद व कैरो ह्यांच्या तोडीचे झाले असे फेरिस्ता म्हणतो. हे आपल्या गावच्या अभिमानाचे बोलणे आहे. वाचकांनी त्यातून निम्मे वजा करावे. तरी एवढे खरे की, एक मोठे शहर एका बहिणीच्या दुःखातून उभे राहिले.

मग त्याने दुसरी युक्ती धरिली. दरवर्षी पीक उभे राहिले की, तो दौलताबादच्या आसपासचा मुलूख लुटून जाळून परत येई. किल्ला उपाशी पाडणे हा बेत. येथे लेखणी जरा थांबते. भाच्याचा खून अशरफाने केला, परंतु जळाले ते कुणब्यांचे शेत. राजांच्या मानाचा हिशेब बहुतकरून खळ्यावरच चुकता होतो, आणि इतिहासकार त्या कुणब्यांपैकी एकाचेही नाव देत नाही.

अशरफ टेकीस आला तेव्हा त्याने गुजराथचा सुलतान महमूद बेगडा ह्यास हाक मारिली, व मदतीच्या मोबदल्यात दौलताबादेस त्याच्या नावाचा खुतबा वाचविला. तहाच्या दृष्टीने ही चाल चुकीची नव्हती. परंतु किल्ल्यातील शिबंदीस ती लागली. परक्याच्या नावाखाली जाण्यापेक्षा अहमद बरा, असे म्हणून त्यांनी गुपचूप अहमदाकडे निरोप धाडिला. अशरफ आजारी होताच. ह्या बातमीने तो खचला व थोड्याच दिवसांत मेला. इ.स. १४९९ साली शिबंदीने किल्ल्याच्या किल्ल्या अहमदाच्या हाती दिल्या. पाच वर्षे ज्या कातळापुढे तोफा, शिड्या व जाळपोळ व्यर्थ गेली, तो कातळ खुतब्यातल्या एका नावामुळे मोकळा झाला. जैनबेचे पुढे काय झाले हे फेरिस्त्याने लिहिले नाही.

अहमदाची शेवटची वर्षे खानदेशच्या गादीच्या भांडणात व गुजराथच्या सुलतानाशी झगडण्यात गेली. त्याचा विस्तार येथे करीत नाही. मात्र एक गोष्ट त्याच वेळी त्याच्या राज्याच्या कडेला घडली, तिचे महत्त्व दरबारास कितपत कळले असेल कोण जाणे. चौल हे निजामशाहीचे बंदर. इ.स. १५०८ च्या मार्चात त्या बंदरात मिसरच्या व गुजराथच्या आरमाराने पोर्तुगीज लोकांची जहाजे गाठिली, व हिंदुस्थानातील पोर्तुगीज विजरईचा एकुलता मुलगा लोरेन्सो दी आल्मेदा तेथे लढता लढता मेला. सूड म्हणून बापाने त्याच सालच्या अखेरीस विजापूरकरांचे दाभोळ बंदर जाळून बेचिराख केले. ज्या दाभोळकरांनी मुलास मारिले नव्हते ते मेले. काळ्या चबुतऱ्यावर निदान ज्याचा वाद त्याचीच मान जाई.

अहमदाचे मरणाचे साल फेरिस्ता इ.स. १५०८ देतो, दुसरे कित्येक १५१० धरितात. मरणापूर्वी त्याने सरदारांस बोलावून आपला सात वर्षांचा मुलगा बुऱ्हाण ह्याशी इमान राखण्याची शपथ घेवविली, आणि बहुतेकांनी ती पाळिली. ह्या बुऱ्हाणाने मोठेपणी पाथरी गावासाठी वऱ्हाडच्या इमादशहाशी लढाई केली. पाथरी हे आपल्या आजाचे मूळ गाव, ते दुसऱ्याच्या राज्यात राहू नये, ह्यासाठी त्याने प्रथम बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. तो नाकारिला गेल्यावर इ.स. १५१८ साली गाव जिंकून घेतले व तेथील आपल्या ब्राह्मण भाऊबंदांस इनाम दिले. आजा कैद होऊन गेला त्यास तेव्हा ऐंशी वर्षे होऊन गेली होती. घराण्याचा धर्म, भाषा व पोषाख सर्व बदलले होते. तरी गावची आठवण गेली नव्हती. हे राज्य इ.स. १६३६ पर्यंत चालले.

पत्रकर्त्यांनी असेही विचारिले आहे की, नगर येथून किती दूर. दरेकशाहून गोंदिया, तेथून नागपूर व भुसावळ करून मनमाड गाठावे, आणि मनमाडास दौंडकडे जाणारी गाडी धरावी. नगर शहरात बागरोजा नावाची जागा आहे. तेथे काळ्या दगडाची, चौकोनी बांधणीची व वर घुमट असलेली एक इमारत उभी आहे, ती अहमद निजामशहाची कबर. आम्ही तेथे गेलो तेव्हा दुपारची वेळ होती, आणि पहारेकरी भिंतीच्या सावलीत छत्री उशाशी घेऊन निजला होता.